सोयरिकीआधीच्या तीन सहली

४ जाने., रविवार. नांदेड

लातूरहून पुन्हा फोन. मुलाचे वडील, मन्मथअप्पा. यापुढे म.अ. लिहीन, एवढं लांबलचक नाव रोज लिहायला मी काही त्यांचा मुनीम नाही.

त्यांच्या घरात म्हणे आजोबांपासून एक रीत आहे. सोयरीक जमवायच्या आधी दोन्ही घरांनी तीनदा एकत्र फिरायला जायचं. दोनदा मुलाकडचे नेणार, तिसऱ्यांदा मुलीकडचे. प्रत्येक वेळी काहीतरी बघायचं, काहीतरी खायचं आणि कसला तरी खेळ बघायचा. मग मुलीच्या बापानं हो किंवा नाही सांगायचं. "एका गाडीत दोन दिस बसलं की मानूस कळतो, सर." मला माणूस कळायला गाडी लागत नाही. छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. दारातून आत येणाऱ्या पोराकडे बघून सांगायचो, हा कुठल्या बाकावर बसणार.

म.अ. डाळीचे व्यापारी. आमच्याकडे तीन पिढ्या मास्तर. ते लिंगायत, आपण ब्राह्मण, हे बोलायचं नाही असं सौ.नं बजावलंय. बोललो नाही. लिहायला तिची परवानगी लागत नाही.

७ जाने., बुध.

मुक्ताचा पुण्याहून फोन. तिच्या बोलण्यात सध्या महेश सोडून दुसरा विषय नाही. एकाच कंपनीत काम, एकाच कँटीनमध्ये जेवण, झालं. तरी पोरगी सरळ बोलली. म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून-बिळून जाणार नाही. पण मग दुसरं कुणी दाखवू नका. कधीच."

म्हणजे धमकीच, फक्त सभ्य आवाजात. माझ्याच वळणावर गेलीये.

ठरवलं: तिन्ही सहलींना जायचं, कारणं लिहून ठेवायची आणि शेवटी नकार पुराव्यानिशी द्यायचा.

१० जाने., शनि. सहस्रकुंड

सकाळी सातला दारात हॉर्न. म.अ. पहाटे अडीचला लातूरहून निघाले होते. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, सगळं इस्त्रीचं, कपाळाला भस्म. पुढे महेश गाडी चालवणार, मागे कालच पुण्याहून आलेली मुक्ता आणि सौ. मला मधल्या सीटवर म.अ.च्या शेजारी बसवलं. त्यांच्या पत्नीचे गुडघे दुखतात म्हणून त्या आल्या नाहीत. सुटल्या बिचाऱ्या.

हिमायतनगरपर्यंत म.अ. एकटे बोलत होते. तूर, हरभरा, कुस्ती, पुन्हा तूर.

कारण क्र. १: जानेवारीत धबधबा बघायला नेणारा माणूस. पैनगंगेला पाणी ते किती. सहस्र धारांतल्या चार चालू होत्या, बाकी नुसता काळा कातळ. मी तसं म्हणालो. त्यावर म.अ. म्हणतात, "मी पोराला म्हनलो, सर भूगोलाचे. पावसाळ्यात नेलं तर नुस्तं पानीच दिसंल, दगूड कसा दिसंल त्यांला?" आणि माझ्याकडे अशा आशेनं बघत उभे राहिले की मला बेसाल्टविषयी दहा मिनिटं बोलावं लागलं.

दुपारी त्यांच्या ओळखीच्या शेतात हुरडा. आगटीभोवती बसलो. धूर नेमका माझ्या डोळ्यांत. हुरडा बरा होता. जवसाची चटणी चांगली होती. म.अ. स्वतःच्या तळहातावर कणसं चोळून पहिली मूठ प्रत्येक वेळी माझ्या ताटलीत टाकत होते. भाजलेल्या हातांनी. कारण क्र. २: स्वच्छतेची कल्पना नाही.

११ जाने., रवि. परत नांदेड

मुक्काम किनवट रस्त्याला एका लॉजवर. उशी दगडाची. बहुतेक तीही भूगोलाच्या सरांसाठी मुद्दाम ठेवली असावी.

सकाळी जवळच्या गावात कबड्डीचे सामने. म.अ. त्या गावातल्या कुणालाही ओळखत नाहीत, कुठल्या संघाशी घेणंदेणं नाही. पाच मिनिटांत एक संघ निवडला आणि घसा बसेपर्यंत ओरडले. विचारलं, हाच संघ का? म्हणाले, "हारायलेत बगा ते. जिंकनाऱ्याला काय, कुनीबी वरडतंय." संघ हरला. म.अ.नी हरलेल्या सातही जणांना उसाचा रस पाजला.

महेशबद्दल: गाडी नीट चालवतो, कमी बोलतो, बापाला "अप्पा, बसा खाली" एवढंच अधूनमधून. मुक्ता त्याच्याकडे बघते तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो.

कारण क्र. ३: आरडाओरडा.

१२ जाने., सोम.

सौ.ला विचारलं, कशी वाटली माणसं. ती म्हणाली, "तुम्ही दोन दिवसांत त्यांना एकदा तरी काही विचारलंत का? तब्येत, घर, काहीही?" आठवून बघितलं. बेसाल्टचंच बोललो होतो. ते त्यांनीच विचारलं होतं.

सौ. आधीच फितूर झालेली आहे.

१९ जाने., सोम.

म.अ.नी एस.टी.च्या पार्सलनं लातूरहून भज्जीचं, म्हणजे त्यांच्याकडच्या मिश्र भाजीचं, सामान पाठवलं. ओला वाटाणा, तूर, हरभऱ्याचे सोले, पावटा, चिंचेचा कोळ, सगळं निवडून वेगवेगळ्या पुड्यांत. येळवस होऊन किती दिवस झाले, आता कसली भज्जी. वेळ-अमावस्येला सगळं लातूर शेतात जाऊन हे खातं, तुम्ही राहिलात, असं चिठ्ठीत. अक्षर तिसरीतल्या पोराचं. सौ.नं केली. ज्वारीच्या भाकरीशी तीनदा घेतली.

कारणांच्या यादीत हे कुठे घालावं, समजेना.

२४ जाने., शनि. लातूर

दुसरी सहल. या वेळी आम्ही बसनं आलो, मुक्ता परस्पर पुण्याहून. म.अ.च्या घरी मुक्काम. बैठकीत चार पिढ्यांचे फोटो, सगळ्यांच्या मिशा सारख्या. त्यांच्या सौ.नी गुडघे धरत धरत स्वतः वाढलं. शेंगोळे. हे मी लहानपणी उमरीला मामाकडे खाल्ले होते, त्यानंतर आज.

जेवताना म.अ.नी उद्याच्या जत्रेतल्या कुस्तीचे नियम सांगायला घेतले. फडात कोण कुठून उतरतो, जोड कशी लागते, कुणी कुणाचा हात धरला की काय होतं. तासभर. मी मान हलवत होतो आणि मनात लातूर ते औसा रस्त्याचा उतार काढत होतो. ही युक्ती प्राध्यापकांच्या सभांमध्ये कमावलेली आहे. ऐकतोय असं दिसतं, डोक्यात काही जात नाही.

कारण क्र. ४: जेवताना बोलणं.

२५ जाने., रवि. औसा रस्ता, मग लातूर, रात्री उशिरा लिहितोय

क्रमानं लिहितो.

सकाळी औशात चहा. किल्ला लांबून दिसतच नाही, खोलगट जागेत बसलाय. मग खरोशाची लेणी. जांभा दगड आहे, मराठवाड्यात हा विरळा. मी सौ.ला हळू आवाजात सांगत होतो, तेवढ्यात म.अ.नी लेणी बघायला आलेल्या लोकांना हाक मारली. "इकडं या, ऐका. सर सांगायलेत." अकरा जण जमले. दगडातलं लोह, पाण्यानं झीज कशी होते, अर्धा तास बोललो. एका बाईनं प्रश्नही विचारला, चांगला होता. निवृत्तीला आठ महिने झाले, वर्ग आज पहिल्यांदा मिळाला. हे लिहायची खरं तर गरज नव्हती.

दुपारी एका गावच्या जत्रेत कुस्त्या. लाल मातीचा फड, चहूबाजूंनी माणसं, हलगीचा कडकडाट, लाउडस्पीकरवर एक गृहस्थ अखंड बोलतायत. लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या उरकल्या होत्या. म.अ.ना लोक ओळखतात. आम्हाला अगदी पुढे, पंचांशेजारी सतरंजीवर बसवलं. धूळ नाकात. मी रुमाल लावून बसलो होतो.

मग मुरुडकडचा एक पैलवान फडात फिरायला लागला. पंचविशीचा, मान दिसतच नाही, डोकं थेट खांद्यांवर. त्याचा वस्ताद त्याचा हात वर धरून चालवत होता. फिरत फिरत तो माझ्यासमोर आला, थांबला आणि हात पुढे केला. मला वाटलं, पाहुण्यांना नमस्कार चाललाय. स्नेहसंमेलनात पोरं येतात तसं. मी उठलो, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "शुभेच्छा."

हलगी फुटायची राहिली. लाउडस्पीकर ओरडला, नांदेडच्या पाव्हण्यांनी हात दिला, जोड लागली. सगळा फड टाळ्या वाजवतोय. मी हसून मान झुकवली. लिहितानाही कानशिलं गरम होतायत.

मग वस्तादानं विचारलं, "पैलवान कुठाय तुमचा?"

काल तासभर जे ऐकलं नाही ते आता महेशनं माझ्या कानात चार वाक्यांत सांगितलं. फडात फिरणाऱ्या पैलवानाचा हात जो धरतो, त्यानं आव्हान घेतलं. वयस्कर माणसानं धरला तर तो आपल्या तालमीच्या पैलवानाच्या वतीनं. त्यानंतर दुसरं कुणी त्याच्याशी जोड लावत नाही. आणि दिलेला हात मागे घेणं म्हणजे, तू कुस्ती धरण्याच्या लायकीचा नाहीस, असं चारचौघांत त्याला सांगणं.

मी म्हणालो, गैरसमज झाला. वस्ताद म्हणाला, गैरसमज आमचा का तुमचा? पोरगा सहा महिने घाम गाळून आलाय, तीन जण हात द्यायला उभे होते, ते बसले की आता. मी म्हणालो, मग त्यांना उठवा. तो म्हणाला, "हात दिलाव ते काय चेष्टा वाटली व्हय?" तेव्हा मी जे बोललो ते सौ.ला उद्देशून होतं. पण निवेदकानं माईक मध्ये आणला होता, हे मला दिसलं नाही. माझा आवाज साऱ्या जत्रेनं ऐकला: "काय अडाण्यांचा बाजार आहे."

हलगी थांबली. पैलवान पोरगा मान खाली घालून मातीकडे बघत उभा होता. माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

महेश शर्टाची बटणं काढायला लागला. मुक्तानं तोंडावर हात धरला. पण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म.अ. उठले. चपला काढल्या, टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि फडात गेले. वाकून माती कपाळाला लावली. मग पैलवानाला हात जोडले आणि माईकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाव्हण्यानं दिलेला हात माझा हाय. माझ्याकडं पैलवान न्हाई. मीच हाय."

एकसष्ट वर्षांचा, पोट सुटलेला माणूस. पैलवान मागे सरला. म्हणाला, अप्पा, तुमच्या अंगाला मी हात लावत नसतो. म.अ. म्हणाले, नको लावूस. आणि त्या इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, दोन हजार माणसांसमोर, गुडघे टेकून, मग कोपर टेकून, सावकाश पाठीवर आडवे झाले. दोन्ही खांदे मातीला लावले.

"पडलो. चितपट लिवा."

कुणी हसलं नाही. पैलवानानंच त्यांना हात धरून उठवलं आणि पाया पडला. मग हलगी वाजली. मी त्यांची टोपी हातात धरून बसलो होतो. उठायला हवं होतं. उठलो नाही.

गाडीत बसलो. त्यांच्या पाठीची लाल माती सीटला लागली होती. औसा मागे पडल्यावर म.अ.च बोलले. मला वाटलं, आता ऐकवणार. म्हणाले, "सर, एक सांगू? आजच्यावरनं हो म्हनू नका. भिडंपोटी दिलेली लेक सुखात ऱ्हात न्हाई. न्हाई म्हनायचं आसल तर बिनफिकीर म्हना, मी पोराला समजावतो."

२६ जाने., सोम. नांदेड

सकाळच्या बसनं परत. घरी आल्यावर सौ.नं चहा ठेवला आणि तिकडूनच विचारलं, "त्यांची चूक झाली असती तर तुम्ही पडला असता का?"

नाही.

तिला म्हणालो, हा नाटकीपणा आहे, व्यापाऱ्याला लोकांसमोर कसं वागायचं हे कळतं. बोलता बोलताच कळलं की स्वतःलाही पटत नाही. ती म्हणाली, साखर घातलीये चहात, ढवळून घ्या.

२९ जाने., गुरु.

यादी काढून वाचली. चार कारणं. जानेवारीतला धबधबा, जो त्यांनी माझ्यासाठी दगड दिसावा म्हणून निवडला. अस्वच्छ हात, जे माझ्यासाठी हुरडा चोळताना भाजत होते. आरडाओरडा, हरणाऱ्यांच्या बाजूनं. जेवताना बोलणं, जे ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. एखाद्या पोरानं अशी उत्तरपत्रिका लिहिली असती तर मी शून्य देऊन वर शेरा मारला असता.

पण म्हणून हो म्हणायचं? त्यांनीच सांगितलंय, भिडेपोटी नको. बघा ना काय पेच टाकलाय. नाही म्हणालो तर मी हलकट, हो म्हणालो तर ते भिडेपोटी. आणि या माणसाबरोबर आयुष्यभर सणावाराला बसायचं, तूर आणि कुस्ती ऐकायची, सुकलेले धबधबे बघायचे. विचारानंच थकायला होतं.

राग कुणाचा आलाय, तेही नीट सांगता येत नाही. बहुतेक माझाच.

३१ जाने., शनि.

मुक्ताचा फोन. काही विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं. जाता जाता म्हणाली, अप्पांची त्या दिवसापासून पाठ धरलीये, मिठाच्या पुरचुंडीनं शेकतायत, महेशला सांगितलंय सरांना कळू द्यायचं नाही. मी म्हणालो, मग तू का सांगतेस? ती म्हणाली, "कुणीतरी सांगायला नको का?"

लातूरला फोन लावला. म.अ.ना विचारलं, तब्येत कशी आहे. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, "झ्याक हाय सर. तिसरी सहल तुमची बरं का. इसरू नका."

पाठीचं काही बोलले नाहीत. मीही माफी मागितली नाही. फोनवर मागायची ती कसली माफी.

२ फेब्रु., सोम.

तिसरी सहल मुलीकडच्यांनी ठरवायची. आयुष्यात मी विद्यार्थ्यांच्या अभ्याससहली सोडून काही ठरवलेलं नाही. बघायला कंधारचा किल्ला आणि मग बारूळकडे धरणाचं पाणी. लातूरहून त्यांना जवळ पडेल, पाठीला त्रास कमी. खायला सौ.चे धपाटे, दही, ठेचा. राहिला खेळ.

कॉलेजच्या शिपायाला, गंगाधरला, फोन केला. तो कंधारकडचा. छत्तीस वर्षांत मी त्याला खडू आण, पंखा लाव याखेरीज काही विचारलं नव्हतं. तो अर्धा तास बोलला. शनिवारी त्याच्या मामाच्या गावात जत्रा आहे, दुपारी कुस्त्या. मी वही घेऊन बसलो आणि सगळे नियम विचारून लिहून घेतले. कोण कुठून उतरतो, हात कोण देतो, कधी देतो. दोनदा विचारलं, तो वैतागला नाही. शेवटी म्हणाला, "सर, तुम्हाला कुस्तीत कवापास्नं गोडी लागली?" म्हणालो, परीक्षा आहे.

६ फेब्रु., शुक्र.

मुक्ता आली. जेवताना मी तिला महेशबद्दल पहिल्यांदाच सरळ विचारलं, तो रागावतो का. म्हणाली, क्वचित, आणि रागावला की भांडी घासायला बसतो. मला हसू आलं, दाबलं.

सौ. म्हणते, उद्या संध्याकाळी त्यांना काहीतरी सांगावं लागेल. मी म्हणालो, माहीत आहे. ती म्हणाली, काय सांगणार? मी म्हणालो, उद्याचं उद्या. ती मागे लागली नाही, धपाट्यांचं पीठ मळायला गेली.

७ फेब्रु., शनि. सकाळ

भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर साडेसहाला येतो म्हणाला होता, सात झाले. वेळेची किंमत इथे कुणालाच नाही. म.अ. लातूरहून निघालेत, कंधारला वेशीपाशी भेटायचं ठरलंय. महेशनं कळवलंय की त्यांनी पाठीला पट्टा बांधलाय आणि वरून शर्ट घातलाय, दिसू नये म्हणून. आपल्याला कळलंय असं दाखवायचं नाही.

पिशवी भरली. पाण्याची बाटली, टॉवेल, नियमांची वही. त्यांची पांढरी टोपी, जी त्या दिवशी चुकून माझ्याचकडे राहिली. सौ.नं धुऊन इस्त्री केलीये.

खाली हॉर्न. सौ. पिशवी तपासत होती. तळाशी हात घालून तिनं माझा जुना पायजमा आणि विटलेला सदरा बाहेर काढला, विचारलं, हे कशाला, एका दिवसाची तर सहल. मी म्हणालो, राहू दे. मातीत मळले तरी चालतील असे आहेत.

तिनं दोन्ही नीट घड्या घालून पुन्हा आत ठेवले.